कुलवृत्तांतासाठी ऑनलाइन फाइल की विकी?

घराण्याची माहिती चारचौघांनी मिळून जमवायची ठरली की हा प्रश्न येतोच. आम्ही दीड वर्ष सगळ्यांनी मिळून लिहायची ऑनलाइन फाइल वापरली. आता वर्षभर विकीवर, म्हणजे विकिपीडियासारख्या सगळ्यांना बदलता येणाऱ्या पानांच्या संकेतस्थळावर, आहोत.

फाइलची सोय मान्यच. लिंक पाठवली की पुण्याची आत्या आणि डोंबिवलीचा चुलतभाऊ एकाच परिच्छेदात एकाच वेळी टाइप करतात. विकीत तसं केलं तर मागाहून जतन करणाऱ्यापुढे ‘संपादन संघर्ष’, म्हणजे दोघांचे बदल एकमेकांवर आदळल्याची सूचना, उभा राहतो.

माझं बिनसलं ते पणजीवरून. ती माहेरची काशी, सासरची रमाबाई. फाइलमध्ये दोन्ही नावांनी वावरत होती, त्यामुळे निम्म्या घराला त्या दोन बायका वाटायच्या. एका उत्साही पुतण्याने ‘शोधा आणि बदला’ चालवून सगळ्या काशींची रमा केली. झालं! काशीनाथकाकांचे रमानाथकाका झाले आणि खापरपणजोबा ‘पायी रमाला जाऊन आले’. जुनी आवृत्ती परत आणता आली असती, पण मधल्या दोन दिवसांत आत्याने लिहिलेलंही तिच्याबरोबर गेलं असतं. मग बसलो हाताने एकेक रमा तपासत.

विकीत प्रत्येक माणसाचं पान वेगळं, बदलांचा इतिहासही त्या पानापुरता. ‘काशी’च्या पानावर फक्त ‘रमाबाई’कडे जायची खूण ठेवायची. याला पुनर्निर्देशन म्हणतात. कुठल्याही नावाने शोधा, पणजी एकच भेटते. जिथे प्रत्येक सासुरवाशिणीला दोन नावं, तिथे मला तरी एवढं पुरे होतं. शिवाय प्रत्येक पानाला जोडून, त्याबद्दल बोलायला चर्चापान आहे. पणजीचं माहेर गुहागर की दाभोळ, हा वाद तिथे कुणी काय म्हटलं त्यासकट पडून आहे. फाइलमध्ये शेरा निकाली काढला की तो नजरेआड होतो आणि सहा महिन्यांनी नवा भिडू तोच वाद उकरतो.

विकी म्हणजे हवाई भाषेत ‘झटपट’. वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली तेव्हा होनोलुलू विमानतळावरच्या बसवरून हे नाव उचललं. आमच्याकडे झटपट काही झालं नाही. दुव्यासाठी दुहेरी चौकटी कंस टाकायला शिकण्यात आत्याचे दोन आठवडे गेले. पण लिहिलेलं नाव लाल दिसलं की त्याचं पान अजून नाही, हे कळल्यावर तिला चेव चढला. लाल नावं बहुतेक लेकीबाळींचीच होती. आता ती रोज दुपारी एखादं निळं करते.

घरात सर्व्हर, बॅकअप सांभाळणारं कुणीच नसेल, किंवा काम महिन्याभराचं असेल, तर कदाचित फाइलच बरी. छापील प्रती कुणाला किती हव्यात याची यादी आमचीही अजून फाइलमध्येच आहे.