बुद्ध्यांकाची फेरचाचणी: पैसे भरण्याआधी पहिला अहवाल उघडा

मुलाचा बुद्ध्यांक 127 आला, निवडीची रेषा 130 ला होती, आणि केंद्राकडून सुचवलं जातं, ‘पुन्हा एकदा देऊन बघूया.’ ठाणे, वाशी, नेरूळच्या समुपदेशन केंद्रांत मिळणारी ही फेरचाचणीची सेवा चांगली आहे, पण तीन गुणांसाठी ती घेऊ नये.

मेन्सासारखी उच्च बुद्ध्यांकवाल्यांची संस्था वरच्या 2 टक्क्यांतल्यांना घेते. वेश्लर या प्रचलित बुद्ध्यांक चाचणीवर हा आकडा साधारण 130 येतो. मात्र एकूण गुणांच्या दोन्ही बाजूंना पाच-सहा गुणांची मोजमापाची चूक धरावीच लागते. त्यामुळे 127 आणि 131 या आकड्यांवरून दोन मुलांत फरक करता येत नाही. लगेच परत बसवलं तर गुण वाढतातही, विशेषतः ठोकळ्यांच्या रचनेत, कारण युक्ती लक्षात राहिलेली असते. हुशारी तेवढीच असते. म्हणून दोन चाचण्यांत किमान वर्षभराचं अंतर ठेवावं. महिन्याभरातली तारीख देणारं केंद्र आम्ही टाळू.

अहवालात एकूण आकड्याच्या खालचं वाचा. तर्क आणि शब्दज्ञान उंच, पण कार्यस्मृती (माहिती डोक्यात धरून तिच्यावर काम करणं) किंवा वेग खाली असेल, तर फेरचाचणी मागूच नका. त्याच गुणांवरून ‘जनरल अॅबिलिटी इंडेक्स’, म्हणजे मुख्यतः तर्क आणि शब्दज्ञानाचा निर्देशांक, काढून मागा. नीट विचार करून, दोनदा तपासून उत्तर देणारं मूल वेळ लावलेल्या भागांत मागे पडतं. या निर्देशांकात कार्यस्मृतीच्या आणि वेगाच्या उपचाचण्या (चाचणीचे छोटे भाग) धरतच नाहीत. मुलाला पुन्हा बसावं लागत नाही, फक्त हिशेब करायचा असतो. आमच्या मते या सेवेतला हा सर्वांत मोलाचा भाग आहे आणि पालक तो क्वचितच मागतात.

मग फेरचाचणी कधी? निरीक्षणांच्या परिच्छेदात ‘थकलेला’, ‘लगेच माहीत नाही म्हणतो’ असं लिहिलं असेल तेव्हा. ताप होता, चष्मा घरी राहिला, शाळा आणि क्लास उरकून संध्याकाळी साडेसहाला बसवलं, किंवा मराठी माध्यमाच्या मुलाला शब्दार्थ इंग्रजीत विचारले, तर पहिला आकडा त्या बैठकीचा आहे, मुलाचा नाही. अशा वेळी जरूर परत बसवा.

नोंदणीपूर्वी चाचणीचं नाव विचारा. कामत यांची बिने ही बुद्ध्यांक चाचणी 1934 ची, मालिन यांची भारतीय मुलांसाठीची चाचणी 1969 ची. दोन्ही अजून वापरात आहेत, पण जुन्या मानकांवर, म्हणजे तेव्हाच्या मुलांच्या सरासरीवर, आजच्या मुलांचे गुण फुगून येतात. जुन्या चाचणीवरचे 132 नव्या वेश्लरवर 130 च्या खाली आले, तर मूल घसरलं असं समजू नका. चाचणी घेणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेली चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे का, हेही विचारा. अहवालात उपचाचणीनिहाय गुण मिळणार नसतील तर पुढे जाऊ नका.

सगळ्याच दारांवर दुसऱ्यांदा थाप मारता येत नाही. नवोदयची सहावीची निवड चाचणी एकदाच देता येते, तीही पाचवी ज्या जिल्ह्यात शिकतो तिथूनच: ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर-पनवेल रायगडात. उलट होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावीत हुकली तर नववीत पुन्हा येते, आणि तिथे लेखीनंतर प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखतही असते. हातानं करून बघणाऱ्या मुलाला ती जास्त न्याय देते.

फेरचाचणी ठरलीच, तर शनिवारी सकाळी दहाची वेळ घ्या. बैठक तास-दीड तासाची असते, पोटभर नाश्ता द्या. ‘कोडी सोडवायची आहेत’ एवढंच सांगा. इंटरनेटवरचे सराव संच देऊ नका. दिले असतील तर मानसशास्त्रज्ञांना आधी सांगा, म्हणजे काही उपचाचण्यांऐवजी पर्यायी उपचाचण्या घेता येतात का ते त्यांना पाहता येईल.