घिसाड्याकडची की डब्यातली? छोटी कुऱ्हाड घेताना

फक्त हुरड्यासाठी कुऱ्हाड शोधत असाल तर खर्चात पडू नका. आगटीला गोवऱ्या पुरतात. कुऱ्हाड लागते ती नंतर, शेतातच तंबू टाकून राहायचं ठरलं, चूल मांडली आणि बांधावरून वेड्या बाभळीची वाळकी फांदी ओढून आणली की. उजनीच्या काठाला मुक्काम असला तरी तेच. अशा वेळी सोबत न्यायची ती सॅकमध्ये मावणारी, एका हातानं चालवायची. लाकडाच्या वखारीतली नव्हे.

आपल्याकडं निवड मुख्यतः दोघींतच आहे. एक घिसाड्याकडून करून घेतलेली, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद आणि बाभळीचा दांडा. दुसरी कारखान्यातली, फिस्कार्स या फिनलंडच्या कंपनीच्या एक्स-७ च्या जातीची: जेमतेम ६४० ग्रॅम, लांबी ३५ सेंटिमीटरच्या आसपास, दांडा प्लास्टिकचा, पोकळ आणि पात्याभोवती ओतूनच बसवलेला. अखंड पोलादाचीही मिळते, पण ती जड आणि प्रत्येक घावाचा झटका मनगटात उतरवते. मला मानवली नाही, कुणाला मानवेलही.

धारेच्या बाबतीत घिसाड्याकडचीला नावं ठेवायला जागा नाही. पाट्याचं पोलाद मुळात चांगलं, पाणी नीट दिलेलं, म्हणजे तापवून बुडवून कडक केलेलं असेल तर धार टिकते. वजनही तिच्या बाजूनं आहे. वाळून खडंग झालेल्या जुन्या बाभळीवर हलकी कुऱ्हाड उसळते, ही मात्र आत शिरते. शिवाय शंभराच्या चार नोटा इकडंतिकडं एवढाच मामला, दुसरीला हजारांत मोजावे लागतात. एवढं सगळं असूनही पिशवीत आता ती नसते. कारण तिचा दांडा.

होळी झाली की इथली, सोलापूरकडची हवा कशी कोरडी होते ते तुम्हाला ठाऊक आहे. दारं सैल होतात, पिंपं गळायला लागतात, आणि कुऱ्हाडीचा दांडा आकसतो. आधी घाव घालताना बारीक टकटक ऐकू येते, मग पातं बोटानं हलायला लागतं. पाचर ठोकली की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. यावर गावाकडचा उपाय म्हणजे रात्रभर बादलीत बुडवून ठेवणं. सकाळी दांडा फुगून घट्ट बसलेला असतो खरा, पण लोखंडाच्या भोकात लाकडाला फुगायला जागाच नसते. आतले तंतू चेपले जातात, आणि वाळल्यावर ते लाकूड पहिल्यापेक्षा बारीक होतं. म्हणजे दर भिजवण्यागणिक दुखणं वाढतंच. जवसाचं तेल पाजून पाहिलं, पत्र्याच्या खोलीतून काढून घरात सावलीला ठेवली, फरक पडला, पण दुखणं गेलं नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. सोलापूरच्या एप्रिलात तो स्वतःच्या कुऱ्हाडीलाही धरून राहत नाही. चुलीभोवती पोरंसोरं बसलेली असताना निसटू पाहणारं पातं हातात धरायचं माझ्यानं तरी होत नाही.

ओतीव दांड्याला ऊन-वाऱ्याचं सोयरसुतक नाही. म्हणून हलकी असूनही मी तिच्याकडं वळलो. कमी वजनावर तोड निघते: मनगटाएवढं लाकूड ठोकळ्यावर उभं करून वरून वार करायचा नाही. धार लाकडाच्या तोंडाला टेकवायची, दोन्ही मिळून उचलायचं आणि ठोकळ्यावर आपटायचं. बहुतेक वेळा चिरतंच. त्याहून जाड ओंडका असेल तर तो अख्खाच चुलीत सारावा, जळेल तसा पुढं सरकवावा.

एक गोष्ट मात्र दोघींनाही लागू. लांब दांड्याचा घाव चुकला तर पातं मातीत जातं, आखूड दांड्याचं नडगीवर येतं. उभ्यानं तोडू नये, गुडघे टेकून, मध्ये ठोकळा ठेवूनच तोडावं.

कोयत्याचं म्हणाल तर काटेरी डहाळ्या साफ करायला तो दोघींपेक्षा सरस. पण लाकूड चिरायला उपयोगाचा नाही, आणि हल्ली कोयता गाडीच्या डिकीत सापडला तर नाकाबंदीला लांबलचक खुलासा द्यावा लागतो तो वेगळाच.

वर्षभर शेतावरच ठेवायची असेल, गडी-माणसं वापरणार असतील, तर घिसाड्याकडचीच घ्या, असंच मी म्हणेन. दांडा मोडला तर दुपारभरात नवा बसतो. ओतीव दांडा मोडला की कुऱ्हाड संपली. पण तंबूसोबत नेणार असाल, आणि तेही दिवाळीपासून मेपर्यंतच्या कोरड्या दिवसांत, तर थोडा खर्च सोसावा असं मला वाटतं. घेताना धारेवरचं झाकण सोबत आहे ना ते बघा. आणि तिला धार लावायला भट्टीवर देऊ नका, दांडा वितळेल. ग्राइंडरवरही नको, कडेला निळसर रंग चढला की पाणी उतरलंच समजा. बारीक कानस आणि सहाण, घरीच.