वाइल्ड सीवीड म्हणून काय काय गळ्यात मारतात ते वाचा

मी एका फाइन डायनिंग किचनची खरेदी बघते. वाइल्ड सीवीड, म्हणजे समुद्रात आपोआप उगवलेलं खायचं शेवाळ, विकणाऱ्या एका सप्लायरने आम्हाला पद्धतशीर गंडवलंय, आगाऊ दिलेले पैसे अडकलेत आणि हा माणूस अजून नवनव्या शेफना मेसेज टाकतोय असं कळलं म्हणून लिहितेय. नाव टाकत नाही, वकिलांनी नको म्हटलंय. पण त्याची पद्धत सांगते, ती कळली की नावाचं काही अडत नाही.

मुळात या धंद्यात फसवायला जागा का आहे ते बघा. 2019 साली जगभरात साधारण साडेतीन कोटी टन सीवीड निघालं आणि त्यातलं जवळपास 97 टक्के शेतीतलं होतं, म्हणजे समुद्रात दोऱ्यांवर वगैरे वाढवलेलं. त्यात वाईट काहीच नाही, उलट चांगल्या शेतातला माल एकसारखा आणि स्वच्छ येतो. पण टेस्टिंग मेन्यूवर "खडकावरून हाताने कापलेलं" असं लिहिलं की ताटाचा भाव चढतो, आणि ताटात वाढल्यावर ते खडकावरचं की दोरीवरचं हे खाणाऱ्याला कळणार कसं? सगळी मेख इथेच आहे.

सॅम्पल मात्र त्याने एक नंबर पाठवलं होतं, हे मान्य करायलाच हवं. डल्स, म्हणजे एक लाल खायचं शेवाळ, गडद वाइनच्या रंगाचं, चिवट, बुडाशी कात्रीने स्वच्छ कापलेलं. जाणकार माणूस असंच कापतो, खडकाला धरून असलेला खालचा भाग तिथेच ठेवतो म्हणजे परत फुटतं. सोबत थोडंसं पेपर डल्स, ते इवलंसं लाल शेवाळ ज्याला मिरी-लसणासारखी चव असते आणि शेफ लोक ज्याच्यासाठी वेडे होतात. आमचे हेड शेफ खूश. मग लगेच फोन, "मॅडम सीझन छोटा असतो, माणसं आधी बुक करावी लागतात, अर्ध्या सीझनचे पैसे आत्ता टाका." कारण खोटं वाटण्यासारखं नव्हतंच, सीझन खरंच छोटा असतो. अर्ध्या खऱ्यावर खोटं उभं करायचं ही त्याची खासियत.

पुढे "आज पहाटे कापलेलं वाइल्ड वाकामे" म्हणून खोके यायला लागले. हिरवंगार, चकचकीत, सगळे तुकडे मापात. आता जपानी स्वयंपाकातलं वाकामे असो, कोंबू असो, ही सगळी केल्पच्या, म्हणजे मोठ्या पानांच्या समुद्री शेवाळाच्या, जातीची शेवाळं समुद्रात असताना तपकिरी असतात. उकळत्या पाण्यात घातलं की त्यातलं तपकिरी रंगद्रव्य मोडतं आणि डोळ्यांदेखत ते हिरवं होतं, फार बघण्यासारखं असतं ते. आमच्या एका ज्युनियर मुलीने नवीन आलेल्या पोरांना तेच दाखवायला म्हणून पान पाण्यात टाकलं आणि काही झालंच नाही! हिरवं होतं ते हिरवंच राहिलं. म्हणजे आधीच उकळलेलं होतं. बाजारात मिठात घातलेलं किंवा वाळवलेलं वाकामे मिळतं ते बहुतेक असंच आधी उकळलेलं असतं, हा पठ्ठ्या ते भिजवून, मीठ धुऊन, निथळून "ताजं" म्हणून वजनावर विकत होता. वाळलेलं वाकामे भिजलं की कितीतरी पट फुगतं, म्हणजे आम्ही बहुतेक नळाच्या पाण्याचेच पैसे दिले.

मग मी सगळी बिलं काढून भरती-ओहोटीच्या तक्त्याशेजारी ठेवली आणि तिथे तर हसावं की रडावं तेच कळेना. चांगलं डल्स, केल्प हे खडकाच्या पार खालच्या पट्ट्यात वाढतं. तो पट्टा नीट उघडा पडतो तो उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे थोडे दिवस. अष्टमीच्या सुमाराला भांगाचे दिवस असतात, तेव्हा पाणी मागे जातंच किती! आणि या माणसाचा माल मात्र दर मंगळवारी, न चुकता, चंद्र कुठेही असो. विचारलं तर म्हणे "आमचे डायव्हर आहेत." बरं, बोटीतून किंवा पाण्यात उतरून कापतात हे खरंय, जपानात होक्काइडोला कोंबू लांब काठ्यांनी बोटीतूनच काढतात, पण तेही साधारण जुलै ते सप्टेंबर आणि समुद्र शांत असेल त्याच दिवशी. मी म्हटलं डायव्हरशी बोलणं करून द्या, तर त्यांना म्हणे पाण्याखाली रेंज नसते. अक्षरशः हेच उत्तर दिलं त्याने.

इथपर्यंत फक्त पैशाचं होतं. पण त्याच्याकडून वाळलेलं अरामे, हेही एक जपानी शेवाळ, घेतलं होतं आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचा आहे. अरामे म्हणजे चपट्या काळपट पट्ट्या. आलं ते गोल, तारेसारखं, काटकुळं होतं, ते हिजिकी नावाचं दुसरंच शेवाळ निघालं. दोन्ही काळी, दोन्ही वाळलेली, घाईत कोण बघतंय. पण हिजिकीत इनऑरगॅनिक आर्सेनिक, म्हणजे आर्सेनिकचा विषारी प्रकार, जास्त असतं, ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने 2004 मध्येच लोकांना ते खाऊ नका असं सांगितलंय, तेव्हा तपासलेल्या शेवाळांत आर्सेनिकचा हा प्रकार फक्त हिजिकीत सापडला होता. शेफनी वेळेत ओळखलं आणि ते ताटात गेलं नाही. आयोडीनचंही तेच, केल्पमध्ये ते नोरीपेक्षा, म्हणजे सुशीला गुंडाळतात त्या शेवाळापेक्षा, खूपच जास्त असतं. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरतं, फ्रान्समध्ये खाण्याच्या वाळलेल्या सीवीडला किलोला 2000 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेला टेकलेल्या एका ग्रॅमात सुद्धा दिवसाच्या तेरापट आयोडीन बसतं. थायरॉइडचा त्रास असलेला पाहुणा आपल्याला विचारून खातो, तेव्हा डब्यात नेमकं कुठलं शेवाळ आहे हे आपल्याला माहीत नको?

कागद मागितले तर लायसन्स म्हणून मासेमारीच्या होडीचं रजिस्ट्रेशन पाठवलं, तेही दुसऱ्याच्याच नावाचं. जिथे कापतात तिथली परवानगी वेगळी असते, ब्रिटनमध्ये धंद्यासाठी कापायचं तर किनाऱ्याच्या मालकाची लागते आणि बऱ्याच ठिकाणी तो मालक म्हणजे क्राउन इस्टेट, राजघराण्याच्या नावावरची मालमत्ता सांभाळणारी संस्था. खरा कापणारा हे विचारलं की चिडत नाही, उलट कुठला किनारा, कुठली तारीख, जवळ सांडपाणी सुटतं का, सगळं स्वतःहून सांगतो, आणि निम्म्या वेळा "या आठवड्यात माल नाही" असंही सांगतो. आता ज्या बाईंकडून घेतो त्या तसंच करतात, शेफ कुरकुरतात पण मेन्यू बदलतात.

पैशांसाठी नोटीस गेलीय, उत्तर नाही. त्याचं पेज आता नव्या नावाने सुरू झालंय, फोटो तेच जुने. त्यातला "आमचं डल्स" लिहिलेला खडकाचा फोटो झूम करून बघा, त्यावर जोडीजोडीने हवेचे फुगे असलेलं तपकिरी शेवाळ आहे, ते ब्लॅडररॅक. डल्स लाल असतं आणि त्याला फुगे नसतात.