बिझनेस व्हिसा की वर्क व्हिसा? दांडिया बाजारातल्या व्हिसावाल्या काकांचा आमचा अनुभव

माझा भाचा मेकॅनिकल इंजिनिअर, बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) चार वर्षं नोकरी करतोय. २०२५ मध्ये त्याला एका जर्मन कंपनीचं ऑफर लेटर आलं आणि घरात नुसता गोंधळ, कारण व्हिसा कुठला काढायचा तेच कुणाला कळेना. म्हणून हा रिव्ह्यू सविस्तर लिहितेय, बडोद्यातल्या आपल्या मुलांना उपयोग होईल.

आधी आम्ही अलकापुरीतल्या एका मोठ्या ऑफिसात गेलो, नाव नाही लिहीत. एसी, कॉफी, भिंतीवर सगळ्या देशांचे झेंडे. तिथला माणूस म्हणाला वर्क व्हिसाला फार वेळ जातो, आपण बिझनेस व्हिसा काढू, पंधरा दिवसांत हातात, नव्वद दिवस तिथे काम सुरू करायचं आणि मग तिथल्या तिथे कन्व्हर्ट. "बेन, टेन्शन ना लेशो." दीड लाख मागितले, त्यातले पन्नास हजार त्याच दिवशी कॅश. भाचा तर तयारच झाला होता. मीच त्याला म्हटलं, थांब रे, एकदा दांडिया बाजारात विचारू आणि मग ठरव.

दांडिया बाजारातलं ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही, माझे गुडघे बोलायला लागले. पण काकांनी बसल्या बसल्या पहिलाच प्रश्न विचारला तो असा, "पगार कोण देणार, इथली कंपनी की तिथली?" भाचा म्हणाला तिथली. "मग बिझनेस व्हिसाचा विषयच संपला." इतकं सरळ आम्हाला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. बिझनेस व्हिसा म्हणजे आपली नोकरी इथे, पगार इथे, आणि तिकडे मीटिंग, प्रदर्शन, कराराची बोलणी, आपल्या कंपनीनं घेतलेलं मशीन बघणं असल्या कामांसाठी थोडे दिवस जाऊन परत येणं. तिथल्या कंपनीत कामाला लागलात की ते बेकायदेशीर काम, पकडलं तर परत पाठवतात आणि पुढे प्रवेशबंदी लागू शकते. आणि तिथे जाऊन कन्व्हर्ट करू हे तर धरूनच चालायचं नाही, नोकरीचा व्हिसा घ्यायला साधारणपणे परत इथेच यावं लागतं.

मग त्यांनी पासपोर्ट मागितला. अलकापुरीत तो कुणी उघडलाही नव्हता! त्यात आधीच्या इटलीच्या ट्रिपचे शिक्के होते, कंपनीनं मशीन बघायला पाठवलं होतं तेव्हाचे. काकांनी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढलं, पेन्सिल घेतली आणि तारखेवर तारीख गोल करत मागे मोजायला लागले, उतरला तो दिवस धरून आणि निघाला तो दिवसही धरून, चोवीस भरले. शेंगेनचा, म्हणजे जर्मनी-इटलीसारख्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा, नियम असा की कुठल्याही १८० दिवसांत ९० च दिवस, आणि सगळे शेंगेन देश मिळून, एकट्या जर्मनीचे नाहीत. म्हणजे त्याच्याकडे ६६ उरले होते. नव्वदचा हिशोब धरून गेला असता तर चोवीस दिवसांपर्यंत ओव्हरस्टे झाला असता पोराचा. ते कागदावरचे पेन्सिलीचे गोल मला अजून दिसतात.

वर्क व्हिसात त्याला ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या आणि चांगल्या पगाराच्या लोकांसाठीचा तिथे राहून नोकरी करायचा परवाना, बसत होतं. त्यासाठी २०२५ मध्ये वर्षाला ४८,३०० युरो पगार लागायचा, इंजिनिअरसारख्या जिथे माणसं कमी पडतात त्या कामांना साधारण ४३,७६० युरो, आणि भाच्याची ऑफर त्याच्या वर होती. काकांनी पैशाचं बोलायच्या आधी अनाबिन नावाच्या जर्मन यादीत त्याची युनिव्हर्सिटी आणि डिग्री दोन्ही बघितली, तिथे नीट सापडली नाही तर आपली डिग्री तिथल्या डिग्रीच्या तोडीची असल्याचा दाखला काढावा लागतो, त्याची फी २०८ युरो. आणि गंमत बघा, सरकारी फी नोकरीच्या व्हिसाची ७५ युरो आणि शेंगेन बिझनेसची ९०, म्हणजे तो "स्वस्त आणि सोपा" रस्ता फीमध्येसुद्धा महागच. शिवाय ब्लू कार्डवर बायकोला व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षा लागत नाही आणि तिला तिकडे नोकरी करता येते, आमच्या सूनबाई फार्मसिस्ट आहेत त्यामुळे हा मुद्दा आमच्यासाठी सगळ्यात मोठा होता. २७ महिन्यांनी कायमचं राहायला अर्ज करता येतो, बी वन पातळीपर्यंत जर्मन येत असेल तर २१.

आमच्या शेजारच्यांना वाटायचं बिझनेस व्हिसा म्हणजे तिकडे दुकान टाकायचा व्हिसा. तसं नाही हो, स्वतःचा धंदा करायला वेगळा रेसिडन्स परमिट लागतो, पैसे कुठून आणणार आणि धंदा कसा चालवणार ते सगळं दाखवून. काकांनी त्यांनाही चहा पाजून हेच समजावलं, एक रुपया घेतला नाही.

तक्रारी आहेत. काका फोन उचलत नाहीत, मेसेजला दुसऱ्या दिवशी उत्तर. कव्हरिंग लेटरमध्ये भाच्याची जन्मतारीख चुकली होती, मी वाचून बघितलं म्हणून सापडली, तर तुम्हीही प्रत्येक कागद स्वतः वाचा. अपॉइंटमेंटच्या स्लॉटसाठी सात आठवडे थांबलो, त्यात त्यांचा दोष नाही पण आधी सांगायला हवं होतं. फी बारा हजार, जीएसटीचं बिल मिळालं, अर्धे आधी आणि अर्धे फाइल जमा झाल्यावर.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. जाताना ऑफर लेटर, डिग्रीची ओरिजिनल मार्कशीट आणि जुना पासपोर्ट असेल तर तोही घेऊन जा, काका शिक्के मोजल्याशिवाय फाइल उघडतच नाहीत.