28,350 रुपयांची भुकटी

हृदयाच्या डॉक्टरांच्या दारात कोणी हातात फाईल घेऊन "काका, तुमचं पन ब्लॉकेजचंच का?" असं विचारलं, तर उत्तर देऊ नका. सरळ रिक्षा पकडा. मी उत्तर दिलं.

आक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, दिवाळीनंतर हृदयाच्या रक्तवाहिनीत दोन स्टेंट, म्हणजे जाळीच्या नळ्या, बसवले. कोलेस्टेरॉलच्या गोळीनं पाय दुखतात, अशी तिची रोजची कुरकुर. जानेवारीत, सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा चालू असताना, तिचे रिपोर्ट दाखवून एकटाच बाहेर पडलो, तेव्हा हा भेटला. चाळिशीचा, कपाळाला भस्म, बोलणं अगदी आपलं. "माझ्या वडिलांना तीन होते बगा. बायपास सांगितली होती. परवा गड्ड्याची यात्रा चालत फिरून आले." पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. स्वतःच्या गाडीवर बसवून दुकानापर्यंत नेणं, कमिशनचा विषयसुद्धा नाही, आणि आत गेल्यावर मालकाला जणू ओळखतच नाही.

यात्रेपुरता भाड्यानं घेतलेला गाळा. बरण्या, तराजू, "बिना ऑपरेशन हार्ट ब्लॉकेज साफ" असा फलक. मी काही अडाणी नाही. अर्जुनसालीचा दुधातला काढा आमच्या आजीलाही माहीत होता, गुग्गुळ तर घरात धुपाला असतोच. नावं ओळखीची निघाली आणि तिथंच मी फसलो. अनोळखी औषध असतं तर दहा प्रश्न विचारले असते. अर्जुन 15, गुग्गुळ 35, हिमालयातली कसलीशी मुळी 59. मी मनात तोळ्याचा भाव धरला, एकूण तीनेक हजार होतील असा अंदाज बांधला. चादरीच्या कारखान्यात 31 वर्षं हिशेब लिहिला, आणि भाव कशाचा ते विचारलं नाही! सगळं मशीनमध्ये घालून भुकटी झाली, मग कागद पुढं आला. भाव ग्रॅमचा. अर्जुन 600 ग्रॅम, 9,000. गुग्गुळ 300 ग्रॅम, 10,500. मुळी 150 ग्रॅम, 8,850. "दळलेला माल परत होत नाही, काका." दारात दोन पोरं उभी. खिशात 6,000 होते, उरलेले 22,350 मोबाईलवरून दिले. पडद्यावर दुकानाचं नाव नव्हतं, कुठल्याशा बाईचं होतं. ते दिसलं, तरी पिन दाबला.

पैशाचं एक वेळ सोडा. "इंग्रजी गोळ्या पंधरा दिवस बंद, नाहीतर जडीबुटी लागू पडत नाही," असं मालक म्हणाला आणि मी मान हलवली. खरं तर त्याच क्षणी उठायला हवं होतं. तीन महिन्यांपूर्वीचे स्टेंट, रक्त पातळ करणारी गोळी एक दिवसही चुकवायची नाही असं फाईलवर लाल शाईनं लिहिलेलं, आणि ती फाईल माझ्या मांडीवर होती! आक्कानं पाच दिवस सगळं बंद ठेवलं. पाचव्या दिवशी अंगभर पुरळ उठलं, तेव्हा भाचीला कळलं.

डॉक्टरांनी मला सगळ्यांसमोर झापलं. मग शांत झाल्यावर म्हणाले, वनस्पतींना कोण नावं ठेवतंय? डिजॉक्सिन हे हृदयाचं औषध एका झाडाच्या पानातूनच आलंय, 1785 साली विदरिंग नावाच्या इंग्रज डॉक्टरनं तसल्याच पानांच्या मात्रा नोंदवल्या. पण त्यात औषध आणि विष यांच्यात अंतर जेमतेम. गुग्गुळाची 2003 मध्ये अमेरिकेत आठ आठवडे चाचणी झाली, त्यात वाईट कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी 4-5 टक्के चढलं आणि काहींना पुरळही आलं. अर्थात आक्काच्या भुकटीत खरा गुग्गुळ तरी होता का, देव जाणे. पायदुखीसाठी गोळी बदलून मिळते, हेही त्या दिवशी कळलं. आधी विचारलं असतं तर!

आता तक्रारीचं ऐका. पोलीस म्हणाले, "स्वतःच्या हातानं दिलेत ना? पक्कं बिल कुठंय?" सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, नंबर नोंदवून घेतला, पुढं काही नाही. बँकेनं अर्ज घेतला आणि दुसऱ्या टेबलाकडं पाठवलं, त्या टेबलावरचा माणूस रजेवर. औषधांच्या सरकारी कार्यालयात तीन खेपा. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर, दुसऱ्या खेपेला "पुडीवर लेबल नाही, कंपनी नाही, कारवाई कुणावर करायची?" तिसऱ्या खेपेला मी औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरच्या 1954 च्या कायद्याची प्रतच नेली. त्याच्या यादीत हृदयरोग स्पष्ट लिहिलाय, तसल्या फलकावर बंदी आहे. कारकुनानं प्रत उलटसुलट केली आणि विचारलं, "फलकाचा फोटो आहे का?" फोटो कोण काढतं हो औषध घेताना? काढा. फलकाचा, तराजूचा, माणसाचा. गाळा बघायला गेलो तर कुलूप. शेजारचा चहावाला म्हणाला, "यात्रा संपली, गेले."

आणि भाव विचारताना किलोचा विचारा. पेठेतल्या जुन्या काष्ठौषधींच्या दुकानात चांगली अर्जुनसाल मला किलोला 260 रुपये सांगितली. माझी 15,000 रुपये किलो पडली.

डबा अजून माळ्यावर आहे, पुरावा म्हणून. बायको रोज फेकायला सांगते. परवा वाण्याकडं नेऊन वजन केलं. घेतली 1,050 ग्रॅम, आक्कानं जेमतेम 50 खाल्ली असेल. भरली 820.