तलाव साफ करायचाय: नाला अडवायचा, गाळ काढायचा की कारंजी बसवायची?

नगरपालिकेकडे तलावासाठी निधी आला की साधारण तीन तऱ्हेचे प्रस्ताव पुढे येतात. तलावात येणारं मैलापाणी अडवून दुसरीकडे न्यायचं. तळाचा गाळ उपसायचा. किंवा पाण्यातच उपाय करायचा: पाण्यात हवा सोडणारे एरेटर, कारंजी, जिवाणूंचा डोस, तरंगते वाफे, जलपर्णी काढणारं यंत्र. चौथा प्रस्ताव पदपथ आणि दिव्यांचा असतो. त्याला सुशोभीकरण म्हणतात आणि पाण्याशी त्याचं काही देणंघेणं नसतं, म्हणून तो इथे धरलेला नाही.

तिसऱ्यापासून सुरुवात करू, कारण मंजूर व्हायला तोच सोपा. खर्च कमी, महिन्याभरात काहीतरी दिसतं आणि उद्घाटनाचा फोटो झकास येतो. नैनितालच्या तळ्यात २००७ पासून तळाशी हवा सोडतात आणि तिथे त्याला कारण आहे. ते तळं २० मीटरपेक्षा खोल आहे. उन्हाळ्यात वरचं उबदार आणि खालचं गार पाणी एकमेकांत मिसळत नाही, त्यामुळे तळाशी प्राणवायू संपतो. आपला गावतलाव दोन-तीन मीटरचा; त्याला वाराच घुसळून काढतो. अशा ठिकाणी कारंज्याने मासे वाचतील, वास थोडा कमी होईल, तोही वीजबिल भरलं जातंय तोवर. जिवाणूंचे डोस सेंद्रिय घाण खातात हे खरं. फॉस्फरस मात्र कोणीच खाऊन संपवू शकत नाही. तो पाण्यात नाहीतर गाळात राहतो आणि शेवाळ त्याच्यावरच पोसतं. जलपर्णी काढावी लागतेच, पण काढून काठावर ढीग घातला तर पहिल्या पावसात तीच घाण परत तलावात. वाहून नेण्याचा खर्च निविदेत आहे का, एवढं बघा.

गणपतीसाठी कृत्रिम हौद हा चांगला उपाय आहे, करावाच. पण तो काही दिवसांच्या रंगांवरचा आणि प्लास्टर ऑफ पॅरिसवरचा उपाय आहे. वर्षभर येणाऱ्या सांडपाण्यावर नव्हे.

आता गाळ. स्वीडनमधल्या व्हेक्शो या शहराने आपल्या ट्रुमेन तळ्यात जाणारं सांडपाणी १९५०च्या दशकाच्या शेवटी थांबवलं. तळं सुधारलंच नाही. उथळ पाणी, आणि वर्षानुवर्षं साठलेला फॉस्फरस गाळातून पुन्हा वर येत राहिला. शेवटी १९७० आणि १९७१ मध्ये दरवर्षी अर्धा मीटर असा एकूण मीटरभर गाळ शोषून काढला, तेव्हा पाणी निवळलं. म्हणजे उथळ, जुन्या, अनेक वर्षं मैला मुरलेल्या तलावात गाळ काढल्यावाचून गत्यंतर नाही. मात्र क्रम पाहा: आधी सांडपाणी बंद, मग गाळ. उलट केलंत तर काही वर्षांत गाळ तिथेच.

आपल्याकडे गाळ काढणं म्हणजे उन्हाळ्यात पोकलेन उतरवणं. उत्साहाच्या भरात तळाची चिकणमाती खरवडली गेली तर पाणी झिरपायला लागतं आणि दिवाळीनंतर तलाव कोरडा. दुसरी गोष्ट, ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’मुळे गाळ शेतात टाकायची कल्पना सगळ्यांना ठाऊक आहे. पण वर्कशॉप आणि कारखान्यांचं पाणी मुरलेल्या शहरी तलावाचा गाळ जड धातूंची तपासणी केल्याशिवाय कोणाच्या रानात टाकू नका.

राहिला नाला. सिअ‍ॅटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये येणारं सांडपाणी १९६३ ते १९६८ दरम्यान टप्प्याटप्प्याने वळवलं आणि काही वर्षांत तळं स्वच्छ झालं. गाळाला हातही लावला नाही. पण ते तळं खोल आहे आणि त्यात नदीचं चांगलं पाणी येत राहतं. आपल्या तलावांना पावसाळा सोडला तर नदी कुठली? जानेवारीनंतर कित्येक तलावांत येणारं एकमेव पाणी म्हणजे हा नालाच. तो वळवला की मे महिन्यात तलावाचं मैदान होतं आणि वर्षभरात कोणीतरी तिथे भराव टाकायला येतं. ही भीती हवेतली नाही. शहरांतले किती तलाव बुजले ते जुन्या नकाशांवर दिसेल.

म्हणून मला बंगळुरूच्या जक्कूर तलावाची वाट सर्वात पटते. तिथे सांडपाणी आधी प्रक्रिया केंद्रात जातं, तिथून पाणवनस्पतींच्या पाणथळीतून गाळत तलावात येतं. तलाव भरलेला राहतो. मात्र केंद्र बंद पडलं की कच्चं मैलापाणी थेट तलावात येऊ शकतं. म्हणजे बांधकामाइतकाच पैसा पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीला आणि ऑपरेटरच्या पगाराला लागणार. तेवढी तयारी नसेल तर नाला नुसता वळवलेला परवडला.

तुमचा तलाव यात कुठे बसतो? पाऊस नसताना, मे महिन्यात, सकाळी सातला प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी उभे राहा. पाणी वाहत असेल तर ते घराघरांतलं सांडपाणीच असण्याची शक्यता जास्त. मग पैसा त्या नाल्यावर, बाकी सगळं नंतर. कोल्हापुरात रंकाळ्याची चर्चा श्याम सोसायटी आणि देशमुख हॉलच्या नाल्यांशी पुन्हा पुन्हा येते ती याचमुळे. नाला कोरडा असूनही पाणी हिरवंगार असेल तर दोष गाळात आहे. नाला कोरडा, गाळ थोडा आणि फक्त जलपर्णी माजलेली असेल, तरच तिसरा पर्याय पुरेल.

ठेकेदाराच्या चाचणी अहवालात वेळ तपासा. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं, म्हणून दुपारी बाराला घेतलेला नमुना गटारालाही पास करेल. नमुना सूर्योदयाच्या सुमारास हवा. आंघोळीच्या पाण्यासाठी लिटरमागे विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम, हा मापदंड करारात लिहून घ्या. आणि शेवटचा हप्ता काम संपल्यावर नव्हे, दुसऱ्या उन्हाळ्यातला अहवाल आल्यावर द्या.