मिसळ तीन स्टार, आचाऱ्याला काढू नका

आधीच सांगतो, हॉटेलचं नाव टाकणार नाहीये. मालक म्हणजे नाना आता घरच्यासारखे झालेत आणि खाली जे लिहितोय त्यातलं निम्मं त्यांना आवडायचं नाही. गंगापूर गाव सोडून गिरणाऱ्याकडे निघालं की रस्त्याला लागून पत्र्याची शेड, बाहेर दोन झोपाळे, मागे द्राक्षबाग, आणि ‘रस्सा अनलिमिटेड’ असा बोर्ड ज्यातला ‘अ’ उन्हापावसात पुसला गेलाय. ओळखणारे ओळखतील.

आता सिडकोतून एवढ्या लांब मिसळ खायला का जायचं, नाशकात काय मिसळीचा दुष्काळ पडलाय का, असं बायको पण विचारते. तर कारण आहे फुटबॉल. मेस्सीवाला नाही, अमेरिकन, ते हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात ना तो, आणि त्यातही कॉलेजचा. माझा भाचा लिंकनला नेब्रास्का युनिव्हर्सिटीत एमएस करून आलाय, आता अंबडला कंपनीत आहे. मेडिकलवाल्या मित्राची पोरगी पेन स्टेटला शिकते. आणि सातपूरला वर्कशॉप असलेला तिसरा, त्याचा मेहुणा टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीचा, त्यामुळे याच्या अंगात पण त्यांचा तो मरून रंगाचा टी-शर्ट. तिकडे शनिवारी संध्याकाळी मॅच असली की आपल्याकडे रविवारची पहाट होते. पाचला मॅच सुरू, साडेआठ-पावणेनऊला संपली की गाडी काढायची आणि नानांकडे. माझी टीम वगैरे काही नाही, मी मिसळीवाला.

आणि मिसळ म्हणाल तर तीन वर्षांपूर्वी खरंच तोड नव्हती. काळा मसाला, पण उगाच काळा दिसावा म्हणून जाळलेला नाही, खोबरं नीट भाजलेलं, रस्सा पाव बुडवला की पावाला धरून राहायचा, ताटलीत पळायचा नाही. मटकीला मोड बोटभर. सोबत भाजलेला पापड, दही, कांदा, लिंबू आणि शेवटी गरम जिलेबी. तिखट होतं पण दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप होईल असलं तिखट नाही (कळलं ना).

२८ सप्टेंबर २०२५ चा रविवार मला पक्का लक्षात आहे कारण त्या दिवशी दोन गोष्टी एकदम खराब झाल्या. पहाटे पाचला पेन स्टेट विरुद्ध ओरेगॉन, लाखाच्या वर माणसं मावणारं स्टेडियम, सगळे पांढऱ्या कपड्यात, सीझनच्या आधी पेन स्टेटचा नंबर देशात दुसरा लावलेला, म्हणजे आमचा मेडिकलवाला पेढे आणायच्या तयारीत. मॅच दोन एक्स्ट्रा टाइमपर्यंत गेली आणि ३०-२४ ने हरले. तिथलंच पब्लिक स्टेडियममध्ये ओरडतंय ‘फायर फ्रँकलिन’, म्हणजे कोच जेम्स फ्रँकलिनला हाकला. आम्ही सव्वानऊ-साडेनऊला नानांकडे पोचलो, मिसळ आली, आणि पहिल्या घासाला मेडिकलवाला म्हणाला, “हा आचारी पण बदला राव.”

रस्सा पातळ होता. नुसता पातळ नाही, वर तर्रीचा थर आणि खाली गरम पाणी अशी दोन मजली इमारत. मटकी दाताखाली कचकच. मीठ मात्र इमाने-इतबारे होतं.

तिथून पुढचे तीन-चार रविवार आमच्या टेबलावर दोनच विषय, कोचला काढायचं का आणि आचाऱ्याला काढायचं का, आणि मध्ये मध्ये कोण कशाबद्दल बोलतंय तेच कळायचं नाही. वर्कशॉपवाला म्हणायचा काढा, लगेच काढा, मागे-पुढे बघायचं नाही. भाचा म्हणायचा थांबा. मेडिकलवाला रोज बदलायचा.

भाच्याचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं कारण तो पोळलेला आहे. नेब्रास्काचा कोच स्कॉट फ्रॉस्ट म्हणजे त्यांचा घरचा हिरो, १९९७ ला ज्या टीमने किताब मिळवला तिचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणारा, २०१८ ला कोच म्हणून परत आला तेव्हा गावात दिवाळी. मग हरायला लागले, आणि ते पण असं की थोडक्यात थोडक्यात हरायचे. एकूण १६ जिंकले, ३१ हरले. सप्टेंबर २०२२ ला जॉर्जिया सदर्नसारख्या टीमकडून घरच्या मैदानावर ४५-४२ हरले आणि दुसऱ्या दिवशी काढला. आता गंमत बघा, करारात असं होतं की १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर भरपाई दीड कोटी डॉलरवरून पंचाहत्तर लाखावर आली असती. तीन आठवडे! तीन आठवडे दम धरला नाही म्हणून पंचाहत्तर लाख डॉलर जास्तीचे मोजले. भाचा हे सांगताना अजून पण पाव कुस्करतो.

ही भरपाईची भानगड मला पहिल्यांदा कळेनाच. आपल्याकडे माणूस काढला की त्याचा हिशोब करून नारळ द्यायचा. तिकडे कोचचा करार दहा-दहा वर्षांचा, आणि मधेच काढलं तर उरलेल्या वर्षांचे पैसे घरी बसून त्याला मिळत राहतात. बऱ्याच राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी माणूस गव्हर्नर नाही, फुटबॉलचा कोच असतो. वर्कशॉपवाल्याच्या टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ ला जिंबो फिशरला काढलं तेव्हा त्याचे निघत होते साडेसात कोटी डॉलरच्या वर, म्हणजे आपले सहाशे कोटींच्या पुढे, आणि ते पण आदल्या दिवशी टीम ५१-१० ने जिंकलेली असताना! वर्कशॉपवाला हे अभिमानाने सांगतो, जसं काय त्याच्याच खात्यातून गेले.

तर एका रविवारी आम्ही नानांना बोलावून सरळ विचारलं की नाना, आचारी बदलत का नाही. नाना खुर्ची ओढून बसले, टॉवेलने मान पुसली आणि म्हणाले, “साहेब, काढतो हो, पण त्याने मुलीच्या लग्नाला चाळीस हजार उचल घेतलीये. काढला की माझे चाळीस बुडाले.”

टेबलावर अर्धा मिनिट शांतता. म्हणजे तिकडे माणूस काढला तर त्याला पैसे द्यावे लागतात म्हणून काढता येत नाही, आणि इकडे माणूस काढला तर त्याच्याकडचे पैसे बुडतात म्हणून काढता येत नाही. भाचा इतका हसला की पापड पडला.

मग पेन स्टेटचं बघा. ओरेगॉननंतरच्या आठवड्यात युसीएलएकडून हरले, ४२-३७, जे तोपर्यंत चारच्या चार हरलेले होते, आणि ज्यांनी स्वतःचा कोच सप्टेंबरातच हाकललेला. वर्कशॉपवाल्याला तर लॉटरीच लागली, म्हणे बघा, काढल्यावर सुधारतात. पुढच्या शनिवारी नॉर्थवेस्टर्न, ही मॅच आपल्या टाइमने रात्री साडेनऊला होती, घरच्या मैदानावर २२-२१ ने हरले. १२ ऑक्टोबरच्या रविवारी सकाळी आम्ही मिसळीवर भांडत होतो की नऊ महिन्यांपूर्वी सेमीफायनल खेळलेला माणूस, २०१४ पासून तिथे, शंभरच्या वर मॅच जिंकलेला, त्याला तीन पराभवांत कसं काढतील, आणि मी पण मुंडी हलवून म्हणत होतो नाही काढणार, पैसे बघा किती आहेत. सोमवारी उठून बघतो तर काढलेला. चार कोटी नव्वद लाख डॉलरच्या आसपास देणं निघत होतं. मेडिकलवाल्याने फोन करून एवढंच विचारलं, “पोरीची फी वाढेल का रे?”

भाच्याचा हुकमाचा एक्का होता फ्रँक बीमर. व्हर्जिनिया टेकचा कोच, १९८७ पासून, सहाव्या वर्षी म्हणजे १९९२ ला फक्त दोन मॅच जिंकला, आठ हरला, एक बरोबरीत. आजच्या काळात दिवाळीच्या आधी घरी पाठवला असता. त्यांनी ठेवला. पुढच्या वर्षी नऊ जिंकला आणि तिथून सलग २३ सीझन टीम बोलमध्ये, म्हणजे सीझननंतरचे ते मानाचे सामने असतात ना, त्यात. १९९९ च्या सीझनला तर फायनल खेळले. वर्कशॉपवाला यावर म्हणाला की एक बीमर निघतो भो, बाकीचे नव्याण्णव नुसते पगार खातात. ते पण खरंय.

आता मुद्द्याची गोष्ट, ज्यासाठी हे लिहायला बसलो. ऑक्टोबर संपत आला होता, बाहेर टोमॅटोच्या कॅरेटचे पिकअप एकामागे एक मार्केटकडे चाललेले, रस्ता नुसता जाम, त्यामुळे आम्ही उशीर व्हायला नको म्हणून लवकर निघालो आणि आठलाच पोचलो. मिसळ आली. आणि काय सांगू, तीच. जुनी. रस्सा पावाला धरलेला, मटकी मऊ. मी तर आचाऱ्याला मनातल्या मनात माफ करून टाकलं. एक प्लेट संपली, रस्सा मागितला, पोराने आणला, ठीक. गप्पांत नऊ वाजले, परत मागितला, आणि हा दुसराच रस्सा. पातळ.

हात धुवायला मागे गेलो. बेसिनच्या शेजारीच भटारखाना, दार उघडं. आचारीकाका पाटावर बसून दुसऱ्याच एका मोठ्या ॲल्युमिनियमच्या डब्यात रस्सा भरतायत, झाकण दोरीने बांधतायत, आणि इकडे चुलीवर पातेलं अर्धं झालेलं. एक पोरगा आला, बंबातलं कढत पाणी तपेलीने आणलं आणि ओतलं पातेल्यात. एक तपेली, दोन तपेल्या. वरून मूठभर मीठ आणि पळीभर तर्री. आचारीकाकांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि परत दोरी बांधायला लागले. मी विचारलं डबा कुठे चाललाय. म्हणाले, “पाथर्डी फाट्याला. नानांनी श्रावणात दुसरी शाखा टाकली ना. मसाला तेवढाच, माणूस मी एकटाच. तीनला उठतो.”

म्हणजे आम्ही महिनाभर ज्याला हाकलायला निघालो होतो तो माणूस एका मसाल्यात दोन हॉटेलं चालवत होता.

टेबलावर येऊन सांगितलं तर वर्कशॉपवाला पहिल्यांदा गप्प झाला. योगायोग असा की त्याच सुमारास त्याच्याच ए अँड एमने लुइझियानाच्या एलएसयूला त्यांच्या घरी ४९-२५ धुतलं आणि दुसऱ्या दिवशी एलएसयूने कोच ब्रायन केलीला काढलं, परत पाच कोटी डॉलरच्या वरचं देणं. आणि त्या आठवड्यातच तिथला स्पोर्ट्स डायरेक्टर स्कॉट वुडवर्ड पण गेला. हा वुडवर्ड कोण? २०१७ ला ए अँड एममध्ये असताना जिंबो फिशरला दहा वर्षांचा साडेसात कोटींचा करार देणारा हाच, आणि मग एलएसयूला जाऊन केलीला दहा वर्षांचा करार देणारा पण हाच. मी म्हटलं, बघ, हे आपले नाना. भाचा म्हणाला मामा, नानांना सांगू नका हां, जिलेबी बंद होईल.

मी सांगितलं. गल्ल्यावर पैसे देताना हळूच, कोणी नसताना. नाना चिडले नाहीत, पण सुटे मोजत राहिले आणि म्हणाले, “शाखेचं भाडं पण निघायला पाहिजे ना साहेब.” त्यावर मला उत्तर सुचलं नाही. हां, पुढच्या महिन्यात आचारीकाकांच्या हाताखाली एक माणूस दिसला, कांदा चिरायला. मसाला वाढवलाय का ते माहीत नाही, जिभेला तरी अजून लागलेला नाही.

बाकी रिव्ह्यूपुरतं सांगायचं तर जागा स्वच्छ आहे, पार्किंग भरपूर, झोपाळा लहान पोरांनी अडवलेला असतो. पाव ताजे. दही आंबट निघालं तर बदलून देतात, कुरकुर करत नाहीत. जिलेबी पाच स्टार, तिथे कोणी पाणी ओतू शकत नाही. मिसळ आठला पाच स्टार, नऊला दोन, म्हणून तीन देतोय. एक स्टार आचारीकाकांच्या नावाने वाढवणार होतो पण तो नानांच्या खात्यात गेला असता.

आणि तो फ्रँकलिन, घरी बसला नाही बरं. नोव्हेंबरात व्हर्जिनिया टेकने घेतला, त्या बीमरच्याच कॉलेजने, आणि त्यामुळे पेन स्टेटचं देणं चार कोटी नव्वद लाखांवरून नव्वद लाखांवर आलं. मेडिकलवाल्याचा जीव भांड्यात पडला. ही बातमी त्याने टेबलावर वाचून दाखवली तेव्हा नाना शेजारीच रस्सा वाढत उभे होते, सगळं ऐकून घेतलं आणि आत बघून जरा हळू आवाजात म्हणाले, “आमच्याला पण विचारतायत हो. मखमलाबादवाले.”

जायचं तर साडेआठच्या आत जा.